मास्टरांचे वाल

"तोंड उघड."

मास्टर माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. मी अजून खांद्यावरची बॅगही उतरवली नव्हती. मीरा रोडला चौथ्या मजल्यावर त्यांच्या दारात उभा होतो, हातात एजंटाच्या ऑफिसमधल्या शिपायाने लिहून दिलेला पत्ता होता, आणि समोर बनियन-लुंगीतला एक उंच, जरा पुढे वाकलेला माणूस टॉर्च घेऊन उभा. मला वाटलं, चुकून दाताच्या डॉक्टरकडे आलो.

"आ कर, आ. लाजतोस काय, लग्नाला आलायस?"

मी आ केला. त्यांनी टॉर्च आत मारली, मान इकडून तिकडे केली आणि आतल्या खोलीकडे बघून केवढ्यांदा ओरडले, "दोन किडलेत! एक अक्कलदाढ! बाकी बरा आहे, ठेवू या!"

आतून त्यांच्या बायकोचा शांत आवाज आला, "अहो, आधी पाणी तरी द्या त्याला."

मास्टर म्हणजे बोटीवरचे लॉन्ड्री मास्टर. प्रवाशांना फिरवणाऱ्या मोठ्या बोटींवर धुलाईखात्याचे मुकादम. जमिनीवर येऊन बसल्यावर त्यांनी वन बीएचकेमधला हॉल बोटीवर जाणाऱ्या पोरांना भाड्याने दिला होता. मेडिकल, व्हिसा, कंपनीचं बोलावणं, या सगळ्याची वाट बघत आम्ही तिथे पडून असायचो, कोणी महिना, कोणी तीन. चार खाटा होत्या. माझी खिडकीजवळची. खिडकीतून लांबवर मिठागरं दिसायची आणि त्यांच्या कडेने उभ्या राहणाऱ्या नव्या बिल्डिंगी.

मी रत्नागिरीकडचा. नववीत शाळा सोडली आणि चिरेखाणीत लागलो. जांभ्या दगडाचे चिरे कापायचे, उचलायचे, ट्रकमध्ये भरायचे. संध्याकाळी अंग झटकलं की लाल धुरळा उडायचा. तिथून एका गाववाल्याने मला बोटीवर भांडी घासायला लावलं. पहिल्या कंपनीत दोन करार मी मोठमोठी भगुनी घासण्यात काढले. त्या दोन करारांच्या मध्ये आणि नंतर मी जिथे पाठ टेकली, ती ही मास्टरांची खाट.

मला तेव्हा सगळ्याचीच भीती वाटायची. फोन वाजला तरी वाटायचं, घरून काही वाईट असेल, किंवा कंपनीने नाही म्हटलं असेल. माझ्याजवळ मोबाईल नव्हता. घरचे आणि एजंटवाले दोघेही मास्टरांच्या फोनवर करायचे, आणि फोन मास्टरांनी उचलला की अख्ख्या बिल्डिंगला कळायचं, कारण ते हळू बोलूच शकत नसत. "हां, आहे आहे! अंघोळीला गेलाय! पैसे मिळाले का विचारू?" खालच्या मजल्यावरची गुजराती बाई मला जिन्यात विचारायची, "भैया, पैसे मिले क्या घर पे?"

नवीन माणसाला वाटे, हे सारखे रागावलेले असतात. तसं नव्हतं. त्यांचा डावा कान पार गेला होता. बोटीवर लॉन्ड्री सगळ्यात तळाला, इंजिनाच्या भिंतीला लागून. यंत्रं फिरतायत, इंजिन धडधडतंय, आणि त्यात माणसाने माणसाशी बोलायचं म्हणजे ओरडायचंच. ते ओरडणं त्यांनी घरी आणलं होतं. काकू मात्र कधी आवाज चढवत नसत. काही सांगायचं असलं की शांतपणे त्यांच्या उजव्या बाजूला येऊन उभ्या राहायच्या.

इस्त्री हे त्यांचं दुसरं वेड. चुरगळलेली वस्तू त्यांना बघवत नसे. आमचे शर्ट, उशांचे अभ्रे, काकूंचे पदर, पुसायची फडकीसुद्धा. रद्दीवाल्याला द्यायच्या पेपरांवर त्यांना इस्त्री फिरवताना मी स्वतः बघितलंय. डेहराडूनहून आलेला एक पोरगा बाजूच्या खाटेवर असायचा, तो हसून म्हणाला, "मास्टरजी, रद्दी है, किलो के भाव जाएगी."

"जाएगी तो ढंग से जाएगी," मास्टर म्हणाले.

ज्याने आपली जागा नीट झाडली, त्याच्या खाटेवर संध्याकाळी टॉवेलचा हंस करून ठेवलेला असायचा. ज्याने झाडली नाही, त्याच्या खाटेवर टॉवेलचा साप. बोलत काही नसत. डेहराडूनवाल्याच्या खाटेवर इतके साप निघाले, की तो त्यांना नावं ठेवायला लागला होता.

महिन्यातून एखाद्या रविवारी मास्टर मला घेऊन खाडीकाठच्या राई गावाला जायचे, सुकी मासळी आणायला. भाईंदरहून शेअर रिक्षा. खाडीच्या वासाने त्यांचा चेहरा जरा सैल व्हायचा. तिथे एक ठरलेली बाई होती.

"मास्तर, आज बोंबील बरं हायत."

"कडक नकोत. जवळा दे."

"हां, दात न्हाय तर मऊच खावा. जवळ्याला कशाला दात लागतान?"

मास्टर हसायचे तेव्हा हिरड्याच दिसायच्या. कवळी ते घरात लावत नसत, ती स्टीलच्या पेल्यात पडलेली असे. बाहेर महत्त्वाचं काम असेल तेव्हाच लावायची. सुकी मासळी आणणं हे त्यांच्या लेखी महत्त्वाचं काम नव्हतं.

एकदा मी म्हटलं, "मास्टर, उत्तनला समुद्रावर जाऊया की. इतकं जवळ आहे."

"कशाला?"

"तुम्ही इतकी वर्षं समुद्रावर काढलीत, आठवण येत नसेल?"

"समुद्र?" ते रिक्षात इतक्या जोरात म्हणाले, की ड्रायव्हरने वळून बघितलं. "माय फ्रेंड, मी समुद्र बघितलाच कुठे! खाली खिडकी असते काय? मी चादरी बघितल्या. सगळ्या जगाच्या चादरी बघितल्या."

सगळ्यांना ते 'माय फ्रेंड' म्हणायचे. दूधवाल्याला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, टँकरवाल्याला. फक्त काकूंना म्हणत नसत.

आता वालांचं सांगतो, कारण मास्टर म्हटलं की मला आधी ते वालच आठवतात.

कोणी पोरगा कंपनी बदलायचं बोलला, की मास्टर इस्त्री बंद करायचे. बंद म्हणजे प्लग काढून. मग आतून कडव्या वालांची बरणी यायची. त्यांची बहीण दर वर्षी अलिबागकडून पाठवायची ते वाल. लादीवर स्टीलच्या वाट्या मांडायच्या आणि त्या पोराला समोर मांडी घालून बसवायचं. एक वाल म्हणजे शंभर रुपये; त्याच्याजवळ असतील तेवढ्या पैशांचे वाल मोजून पुढ्यात ढीग करायचा.

ही पद्धत खरी काकूंची. मास्टर बोटीवर असताना घर त्या चालवायच्या आणि लिहिणं त्यांना जमत नसे. म्हणून पैसे आले की वाल मोजून वाट्यांत टाकायचे. शाळेची वाटी, वाण्याची वाटी, गावची वाटी. मास्टर घरी आल्यावर त्यांना ती इतकी पटली, की त्यांनी तिला बोटीच्या कामाला जुंपलं.

माझी पाळी आली ती दुसऱ्या करारानंतर. दुसऱ्या एका कंपनीने मला मुलाखतीला बोलावलं होतं आणि घेतो म्हटलं होतं. भांड्यांवर नाही, वर जेवणघरात, मदतनीस म्हणून. पगारावर टिप. मला रात्री झोप येत नव्हती इतका आनंद झाला होता, आणि तितकीच भीती. जुन्या कंपनीचंही 'परत या' असं पत्र आलेलं होतं. तिथे काही नव्याने करायचं नव्हतं. तिकीट ते देणार, मेडिकल त्यांचा, भगुनी तीच.

"बस," मास्टर म्हणाले. मी बसलो. "जुनी सोडायची म्हणतोस. का?"

"हात बघा ना मास्टर." मी तळवे पुढे केले. सोड्याने कातडी सोलून निघाली होती. "आणि टिप आहे तिकडे. भाऊ आयटीआयला लागलाय, त्याची फी..."

"टिप किती?"

"चांगली मिळते म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

"सगळे म्हणजे हा," म्हणून त्यांनी डेहराडूनवाल्याकडे हनुवटी उडवली. तो आधीच त्या कंपनीचा एक करार करून आला होता. "विचार त्याला. बोल रे, पहले महीने में कितना टिप?"

तो खाटेवर आडवा होता, उठलाही नाही. "पहले महीने में तो टेबल ही नहीं मिलता मास्टरजी. ट्रे उठाओ बस."

मास्टरांनी पुढ्यातल्या वाडग्यात आणखी एक मूठ वाल ओतले. तो बिनपगारी दिवसांचा वाडगा. जुनी सोडली आणि नवीवर चढलो नाही, या मधल्या काळात मी खाणार काय, भाडं देणार काय, घरी पाठवणार काय. वाटी पुरत नाही, त्याला वाडगाच लागतो. मग मेडिकलची वाटी. दातांची वाटी. काळे बूट आणि काळ्या पँटींची वाटी, कारण भांडीवाल्याला कोणी बघत नाही पण जेवणघरात पायाकडे आधी बघतात. विमानाची वाटी, कारण जुनी कंपनी तिकीट देते, पण नवी कंपनी पहिल्यांदा जाणाऱ्याचे पैसे त्याच्याकडूनच घेते. बोटीवरच्या पहिल्या महिन्याची वाटी, फोनकार्ड, साबण, चार लोकांत बसलो तर एक कोल्ड्रिंक.

मी एकेक वाटी भरत गेलो तसतसा पुढ्यातला ढीग खाली गेला आणि माझा चेहरा पडला. कागदावर लिहिलेले आकडे मी बघितले होते, पण ते कधी असे मुठीने कमी झाले नव्हते.

सगळ्या वाट्या झाल्यावर मास्टरांनी आणखी एक रिकामी वाटी पुढे सरकवली.

"ही कशाची?"

"भर."

"पण कशाची ते सांगा ना. सगळं तर झालं."

"माहीत असतं तर हिला नाव दिलं असतं. भर."

मी बोटाच्या चिमटीने आठ-दहा वाल टाकले. मास्टर बघत राहिले. मग माझी भीड न ठेवता त्यांनी बुटांच्या वाटीतले काढले, कोल्ड्रिंकचे काढले, आणि त्या बिननावाच्या वाटीत टाकले. "बूट माझे घे. धा नंबर आहे. आत कागद कोंब."

यात एक नियम होता. खरोखर पैसे खर्च झाले, की त्या वाटीतले तेवढे वाल काढून त्या पोराच्या पितळेच्या पातेल्यात टाकायचे. ते परत बरणीत जात नसत. पातेलं स्वयंपाकघरात फळीवर. आणि नवीन कंपनीचं जाण्याचं तिकीट हातात आलं, की त्या दिवशी मास्टर स्वतः पातेल्यात पाणी ओतून वाल भिजत घालायचे. मोड आले की सोलायचे, आणि त्याचं बिरडं जाणाऱ्या पोराला आणि आम्हा सगळ्यांना. कमी पडले तर काकू घरातले मूठभर घालायच्या. तिकीट नाही, तर पाणी नाही. काही पोरांची पातेली महिनोन्‌महिने फळीवर कोरडी पडून असायची. त्यांच्याकडे बघायची कोणाची हिंमत नसे. एक दिवस काकू गुपचूप ते वाल गच्चीवर पाखरांना घालून यायच्या.

मास्टर इतके घाबरून का हिशेब करतात, हे मला त्या महिन्यातच कळलं. मी दातांच्या खुर्चीतून आलो होतो, गाल सुजलेला. मास्टर गॅलरीत माझ्या मेडिकलच्या शर्टाला इस्त्री करत होते. मी कुरकुरलो, की या दातांत किती वाल गेले, आणि दुखत तर काहीच नव्हतं.

"माझे सगळे काढले," ते म्हणाले.

"काय?"

"दात. सगळे. मीसुद्धा कंपनी बदलत होतो." इस्त्री चालूच होती. "तुझीच जुनी कंपनी, तीच माझी. सतरा भानगडी केल्या आणि सोडली. ऑफिसमध्ये साहेबाला तोंडावर बोलून आलो, की तुमच्या बोटीवर थुंकायलासुद्धा येणार नाही. नवीन कंपनी मोठी होती. त्यांचा डॉक्टर म्हणाला, दात खराब, निम्मे काढावे लागतील, निम्म्यांचं काम करावं लागेल. खर्च विचारला. म्हटलं, त्यापेक्षा सगळेच काढा, कवळी स्वस्त पडते. काढले. हिरड्या भरून यायला वाट बघितली. कवळी बसवली. नवे बूट घेतले. गेलो परत."

"मग?"

"मग त्यांनी कानाला यंत्र लावलं."

गॅलरीच्या जाळीत कबुतरं घुमत होती. मास्टरांनी शर्टाची कॉलर उलटी करून आतून दाबली.

"कोणाला ठाऊक कान बघतात ते. जुन्या कंपनीने कधी बघितला नव्हता. जुन्या कंपनीतच तर गेला ना तो." मग ते हसले, हिरड्या दाखवत. "दात काढून ठेवले, माय फ्रेंड, आणि नापास झालो कानाने. घे शर्ट. बगलेत गरम आहे, जपून."

जुन्या कंपनीच्या ऑफिसात ते परत कधी गेले नाहीत. कंपनीचं नाव निघालं की बहिऱ्या कानाची बाजू आपल्याकडे करायचे.

माझे दात पास झाले. दातांच्या डॉक्टरने सर्टिफिकेटवर सही केली तेव्हा मी मनात मास्टरांच्या टॉर्चला नमस्कार केला. रक्त, लघवी, डोळे, कान, सगळं पास. मी परत येताना वडापाव घेतले, एक डेहराडूनवाल्याला, एक मला, आणि मास्टरांना मऊ लागतो म्हणून नुसता आतला वडा. दुसऱ्या दिवशी मेडिकलवाल्यांचा फोन आला. छातीच्या फोटोत काहीतरी दिसतंय.

मी गेलो. डॉक्टरांनी फोटो उजेडावर लावला. माझ्याच छातीच्या आतला तो काळा-पांढरा धूर, त्यात उजवीकडे एक डाग.

"पहले कहाँ काम करते थे?"

"चिरेखाणीत. म्हणजे पत्थर की खदान."

"टीबी हुआ था कभी?"

"नाही साहेब." मला खोकलासुद्धा नव्हता. पण त्या खोलीत उभा असताना मला खोकला यायला लागला.

डॉक्टर वाईट नव्हते. म्हणाले, जुना व्रण असेल, पण कंपनी 'असेल'वर कोणाला घेत नाही. मोठा स्कॅन करा, थुंकीची तपासणी करा, छातीच्या डॉक्टरांचं पत्र आणा. मग बघू.

मी घरी आलो. वाट्या लादीच्या कोपऱ्यात मांडलेल्याच होत्या. मास्टरांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ती बिननावाची वाटी उचलून माझ्या पुढ्यात ठेवली.

"काय निघालं?"

मी उजव्या कानाशी जाऊन सांगितलं.

ते म्हणाले, "आधीचं काम बिल लावतंच बाबा. माझ्या कानाला लावलं, तुझ्या छातीला. हे कोणी धरत नाही हिशेबात." स्कॅनला सगळी वाटी गेली. वाल एकेक करून पातेल्यात पडताना टक् टक् वाजत होते. मास्टरांना ते ऐकू येत असेल की नाही, मला ठाऊक नाही.

खरी पंचाईत पुढे होती. जुन्या कंपनीला शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं, येतो की नाही. येतो म्हटलं, तर ते लगेच बोटीवर चढवणार, म्हणजे नवी गेली. कळवलं नाही, तर माझी जागा दुसऱ्याला. आणि माझा रिपोर्ट शनिवारी. शुक्रवार आणि शनिवार यांच्यामधली ती एक रात्र म्हणजे मला खाणच दिसायची. लाल धुरळा, ट्रक, आणि आता तर छातीत डाग घेऊन. भावाची फी भरायची राहिली होती. आईने शेजाऱ्यांच्या फोनवरून विचारलं, "कधी जातोयस रे?" मी म्हटलं, "जातोय, जातोय. सगळं बरं चाललंय." फोन ठेवला आणि संडासात जाऊन बसलो, कारण एवढ्या माणसांच्या घरात तेवढीच एक जागा एकट्याची असते.

मास्टर त्या आठवड्यात मला विशेष काही बोलले नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं. मला वाटलं होतं, ते सांगतील, हे कर किंवा ते कर. बुधवारी सकाळी तर ते कवळी लावून, इस्त्रीची पँट घालून, काळे बूट चमकवून बाहेर पडले. म्हणाले, चपला दुरुस्तीला जातोय. बूट घालून कोणी चपला दुरुस्तीला जातं का, हेसुद्धा मला त्या वेळी सुचलं नाही. शुक्रवारी मी जुन्या कंपनीला फोन केलाच नाही. धाडस म्हणून नाही. रिसीव्हर उचलला आणि नंबर फिरवायला बोट उठेना. संध्याकाळी ऑफिस बंद झालं असेल अशा वेळी मी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलो. उशीजवळ टॉवेलचा हंस होता. मी त्या दिवशी जागा झाडली नव्हती.

मास्टर जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते गेले तेव्हा मी बोटीवर होतो, नॉर्वेच्या बाजूला कुठेतरी, आणि काकूंनी मुद्दाम कळवलं नाही, की पोरगं रडेल आणि ट्रे पाडेल. मी आल्यावर त्यांनी सांगितलं, तेही दारात, माझी बॅग उतरायच्या आधी. त्या घरात बातम्या दारातच मिळायच्या. हॉलमध्ये तेव्हाही खाटा होत्या, आणि नवीन पोरं. त्यांतल्या एकाला काकू शांतपणे म्हणत होत्या, "तोंड उघड रे जरा." टॉर्च तीच होती.

पण मला तो शनिवार सांगायचाय.

रिपोर्ट दुपारी मिळाला. छातीच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की डाग जुना, बरा झालेला, संसर्ग नाही, कामाला हरकत नाही. मेडिकलवाल्यांनी त्यावर शिक्का मारला. मला ते पुरतं वाचता आलं नाही, म्हणून मी तिथल्या मुलीकडून तीनदा वाचून घेतलं. मग स्टेशनवरून रिक्षा न करता चालत आलो. वीज गेली होती, लिफ्ट बंद. चार मजले चढून वर आलो तेव्हा दार उघडंच होतं.

स्वयंपाकघरात मास्टर आणि काकू लादीवर बसले होते. मध्ये परात. दोघं वाल सोलत होते. पांढरे, टपोरे, आणि प्रत्येकाला बोटाच्या पेराएवढा मोड.

माझी नजर फळीवर गेली. माझं पितळेचं पातेलं तिथे नव्हतं. ते मोरीत पालथं पडलं होतं.

मी गावचा माणूस. एवढा मोड यायला वाल आधी रात्रभर भिजावे लागतात, मग फडक्यात बांधून दोन दिवस ठेवावे लागतात, हे मला सांगावं लागत नाही. म्हणजे बुधवारी संध्याकाळी त्यांत पाणी पडलं होतं. तेव्हा रिपोर्ट कुठे होता? तिकीट तर अजूनही नव्हतं.

"मास्टर," मी म्हणालो, "हे माझे वाल?"

मी डाव्या बाजूला उभा होतो. त्यांनी मान वर केली नाही. काकूंनीच माझ्याकडे बघितलं आणि माझ्या हातातल्या कागदाकडे. मी मान हलवली. काकूंनी डोळे मिटले, उघडले, आणि परत वाल सोलायला लागल्या.

"बुधवारी गेले होते," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. त्यांच्या नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने. "अंधेरीला. तुझ्या जुन्या कंपनीच्या ऑफिसात."

"कोण? मास्टर?"

"बाकड्यावर बसवून ठेवलं सकाळपासून. पोरांच्या रांगेत. तिथे आता सगळी नवीन माणसं, यांना कोण ओळखतंय. नाव पुकारलं ते डावीकडून, हे बसूनच राहिले. मग एका पोराने हात लावून उठवलं. हे म्हणाले, माझ्या पोराला आठ दिवस द्या, त्याच्या घरी अडचण आहे. तो क्लार्क म्हणाला, तुम्ही कोण त्याचे? हे म्हणाले, घरमालक. तो हसला म्हणे. भाडं बुडेल म्हणून आलात का काका?"

"मग?"

"मग काय. हो म्हणाले. भाडं बुडेल. दिले त्याने आठ दिवस. लिहून घेतलं तुझं नाव." काकूंनी एक साल परातीच्या काठावर पुसली. "आल्यावर कवळी काढली, पेल्यात ठेवली, आणि पातेल्यात पाणी घातलं. मी म्हटलं, अहो, तिकीट कुठाय? तर मला म्हणतात, तू गप."

ज्या ऑफिसात थुंकायलाही जाणार नाही म्हणाले होते, तिथल्या बाकड्यावर ते कवळी लावून, काळे बूट घालून बसले होते. तेच काळे बूट मी पुढे आत कागद कोंबून बोटीवर वापरले.

मी चप्पल काढली, हात धुतले आणि मास्टरांच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो.

"रिपोर्ट चांगला आला," मी म्हणालो.

"हां," ते म्हणाले. केवढ्यांदा म्हणाले, पण तेवढंच. आणि परात माझ्याकडे सरकवली.

मी सोलायला लागलो. कोमट पाण्यातले वाल बोटांतून निसटत होते. माझ्या सोललेल्या हातांना ते बरं वाटत होतं. खाली टँकर आला होता आणि कोणीतरी पाईप ओढत होतं. मग मला राहवलं नाही.

"मास्टर, तुम्ही तर आधीच भिजत घातले. आणि रिपोर्ट वाईट आला असता तर?"

त्यांनी एक वाल अंगठ्याने दाबला. तो टुणकन परातीत पडला. ते माझ्याकडे बघत होते, जसं काही मी सगळ्यात सोपी गोष्ट विचारली होती.

"तरी बिरडंच झालं असतं, माय फ्रेंड," मास्टर म्हणाले. "तुला काय वाटलं, तुला उपाशी ठेवला असता? सोल."